एम.ए. मानसशास्त्र झालं, आता काम कुठे शोधायचं?

जाहिरातीत ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असं पद दिसलं की एम.ए. मानसशास्त्र झालेली मुलं-मुली धडाधड अर्ज करतात आणि छाननीतच बाद होतात. हे पद नुसत्या पदवीवर मिळत नाही, नोंदणी लागते. भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय हे बिरुद लावता येत नाही. १९९२ च्या आरसीआय कायद्यात नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दंड हसण्यावारी नेता येईल, कैद नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची व्याख्याही तशीच कडक आहे: आरसीआयमान्य संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीतली मान्यताप्राप्त पात्रता, किंवा पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., आणि त्यात वरिष्ठांच्या देखरेखीखालचं प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचं प्रशिक्षण.

त्यामुळे नोकरी शोधायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. निदान, मनोमापन आणि थेरपी आपल्या सहीने करायची आहे, की समुपदेशन, वस्तीतलं काम, संशोधन या बाजूला जायचं आहे? पहिल्यासाठी आणखी किमान दोन वर्षं शिक्षण आहे. दुसऱ्याची दारं एम.ए. वर आजही उघडी आहेत, फक्त ती कुठे आहेत हे महाविद्यालयात कुणी सांगत नाही.

नोंदणीचा रस्ता सध्या खोदून ठेवला आहे

नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन एम.फिल.ना यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत दिली. त्यांच्या जागी आरसीआयने पदवी आणि पदव्युत्तर स्तरावर क्लिनिकल सायकॉलॉजीचे नवे अभ्यासक्रम आणले आहेत. अशा संक्रमणात सगळ्यात जास्त फसवणूक होते. ‘आरसीआयशी संलग्न’, ‘आरसीआयच्या धर्तीवर’, ‘मान्यता प्रक्रियेत’ अशा शब्दांत रंगवलेली माहितीपत्रकं दिसली की फी भरू नका. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची राज्यवार यादी असते. त्यात तीन गोष्टी ताडून बघा: संस्थेचं नाव, नेमका अभ्यासक्रम आणि मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे. तिसरी गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत. मान्यता मुदतीची असते. तुमच्या तुकडीच्या प्रवेशाचं वर्ष त्या मुदतीत बसलं नाही, तर पदवी हातात येऊनही नोंदणी अडते.

एम.फिल.साठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागत, राखीव प्रवर्गांना ५०. नवे अभ्यासक्रम बघतानाही आपल्या गुणपत्रिकेवरचा एकूण टक्का आधी काढून ठेवा. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, तेजपूरची लोकप्रिय गोपीनाथ बारदोलोई संस्था इथे जागा थोड्या आणि प्रवेश परीक्षा अवघड असते. पण फी कमी आणि रुग्णसंख्या मोठी. खासगी विद्यापीठात प्रवेश घेण्याआधी विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे: विद्यार्थ्याला वॉर्डात आणि बाह्यरुग्ण विभागात आठवड्याला किती तास मिळतात? उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

अजून एम.ए.लाच प्रवेश घ्यायचा असेल तर हेही लक्षात घ्या: जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने मनाई केली आहे. कारण हा विषय २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याखाली आला. या कायद्यात क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक येतात. म्हणजे पुढेमागे समुपदेशकांनाही नोंदणी लागणार. तीन महिन्यांच्या ‘सर्टिफाइड थेरपिस्ट’ कोर्सवर पन्नास हजार घालवण्याआधी एवढा विचार करा.

नोंदणी नसताना चालणारी पदं

सरकारी आरोग्य यंत्रणेत अशा पदांची संख्या लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त आहे. एड्स नियंत्रण कार्यक्रमातल्या आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात समुपदेशक लागतात आणि मानसशास्त्र किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी तिथे चालते. काम एकसुरी वाटेल, पण दिवसभर अवघड बातमी नीट सांगण्याचा सराव होतो आणि तो पुढे कुठेही उपयोगी पडतो. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात किशोरवयीनांसाठीचे समुपदेशक असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (या जागेला एरवी नोंदणी लागते), सोशल वर्कर, परिचारिका आणि नोंदी ठेवणारे सहायक असतात. टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची फोनवरची मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, तिच्या केंद्रांवर प्रशिक्षित समुपदेशक पाळीपाळीने काम करतात. रात्रपाळी असते, हे अर्ज करतानाच धरून चला.

शाळा-कॉलेजांची मागणी वाढणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमावा असं सांगितलं आहे. कोचिंग क्लासही त्यात येतात. अडचण अशी, की बऱ्याच शाळा समुपदेशकाला ऑफ-तासाला वर्गावर पाठवतात. नेमणूकपत्रात कामाचं स्वरूप, स्वतंत्र बंद खोली आणि नोंदी कुणाच्या ताब्यात राहतील हे लिहून घ्या. मुलांच्या नोंदी वर्गशिक्षकांच्या कपाटात गेल्या की मुलं यायची बंद होतात.

व्यसनमुक्ती केंद्रं, हिंसाचार सोसलेल्या महिलांसाठीची वन स्टॉप सेंटर, कंपन्यांच्या कर्मचारी साहाय्य योजना इथेही जागा निघतात. खासगी क्लिनिकमध्ये चाचण्या घेण्यासाठी एम.ए. झालेले सहायक ठेवतात. तिथे एकच पथ्य: अहवालावर सही नोंदणीकृत तज्ज्ञाची, तुमची नाही. ‘तूच सही कर, काही होत नाही’ म्हणणाऱ्या ठिकाणी थांबू नका.

कंत्राटी जाहिरात वाचताना

राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जागा जिल्हा परिषद, महापालिका किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने निघतात आणि त्या त्या संकेतस्थळाच्या ‘भरती’ किंवा ‘सूचना’ या पानावर असतात. मुदत अनेकदा आठ-दहा दिवसांचीच. म्हणून कागद आधीपासून एका फोल्डरमध्ये तयार पाहिजेत: सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, अधिवास, जात प्रमाणपत्र आणि वैधता, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, एमएस-सीआयटी, नावात बदल असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी.

अनेक जाहिरातींत मुलाखत नसतेच, शिक्षण आणि अनुभवाला गुण देऊन यादी लावतात. इथे माणसं अनुभवाच्या दाखल्यावर मार खातात. दाखल्यावर संस्थेचं पत्रशीर्ष, जावक क्रमांक, पदाचं नाव, दिनांकापासून-दिनांकापर्यंत आणि सही-शिक्का हवा. ‘यांनी आमच्याकडे सुमारे दोन वर्षं चांगलं काम केलं’ असा प्रेमळ मजकूर शून्य गुणांचा. शिवाय अनुभव पात्रता मिळाल्यानंतरचाच धरतात. एम.ए. चालू असतानाची स्वयंसेवा त्यात येत नाही.

कधी कधी जिल्हा पथकातल्या मानसशास्त्रज्ञाच्या जागेला उमेदवार मिळत नाही आणि जाहिरातीत एम.ए. चालेल असं म्हटलेलं असतं. जरूर जा. फक्त त्या नेमणुकीने नोंदणी मिळत नाही हे विसरू नका, आणि पाटीवर ‘क्लिनिकल’ लिहू नका.

संशोधनातली पहिली नोकरी

एम.ए. नंतरची पहिली दोन वर्षं घालवायला संशोधन प्रकल्पाइतकी चांगली जागा दुसरी नाही असं आमचं मत आहे. पगार फार नसतो, पण मोजमाप, नैतिकता, नोंदी आणि लेखन या चार गोष्टी तिथे पक्क्या होतात. पुढे क्लिनिकला गेलात तरी त्यांचा उपयोग होतो आणि पीएच.डी.ला गेलात तर विचारायलाच नको.

आपल्या भागात हे काम आहे, आणि जगाने दखल घ्यावी असं आहे. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या संगत या संस्थेने मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन नैराश्यावर सहा ते आठ भेटींचा उपचार करून पाहिला आणि त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ हा गावातल्या स्वयंसेवकांवर आधारलेला प्रकल्प उभा केला. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुण्यात केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटर, गडचिरोलीत सर्च ही संस्था, शिवाय वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग. यांच्या संकेतस्थळांवरची नोकऱ्यांची पानं आठवड्यातून एकदा बघायची. विभागातल्या प्रकल्पांच्या जाहिराती बऱ्याचदा फक्त महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर आणि संकेतस्थळाच्या कोपऱ्यात असतात.

पदांची नावं गोंधळात टाकतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, निधीवरच्या प्रकल्पात ‘प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-३’ला पदव्युत्तर पदवी, किंवा पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो; मानधन २८,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. ‘प्रोजेक्ट रिसर्च सायंटिस्ट-१’ला ५६,००० आणि भत्ता, तिथे प्रथम श्रेणी पदव्युत्तर पदवी किंवा द्वितीय श्रेणी आणि पीएच.डी. मागतात. स्वयंसेवी संस्थांत ‘रिसर्च असिस्टंट’, ‘फील्ड रिसर्चर’, ‘प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर’ अशी नावं असतात आणि मानधन निधीप्रमाणे बदलतं. नावावर जाऊ नका. महिन्यातले किती दिवस गावात, किती दिवस संगणकासमोर, हे विचारा.

अर्ज करण्याआधी दोन-तीन आठवड्यांत करता येण्यासारखी तयारी आहे आणि ती फुकट आहे. अमेरिकेच्या नायडा या व्यसनविषयक संशोधन संस्थेचा ऑनलाइन जीसीपी (माणसांवरचं संशोधन नीट करण्याचे नियम) अभ्यासक्रम साधारण सहा तासांचा. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं आणि बहुतेक प्रकल्पांत ते लागतंच. जामोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात टी-चाचणी, सहसंबंध, प्रतिगमन हात बसेपर्यंत करा. एक्सेलमध्ये फिल्टर, पिव्होट आणि दोन फायली जोडणं यायलाच हवं. पीएचक्यू-९ (नैराश्याची प्रश्नावली) आणि जीएडी-७ (चिंतेची) यांची मराठी भाषांतरं मोफत मिळतात, ती मोठ्याने वाचून बघा. बेकची नैराश्याची प्रश्नावली मात्र स्वामित्वहक्काची आहे. प्रबंधासाठी झेरॉक्स काढून वापरली असेल तर मुलाखतीत ते अभिमानाने सांगू नका.

रेझ्युमे दोन पानांत. ‘हार्डवर्किंग, टीम प्लेयर’ काढून टाका आणि प्रबंधाला तीन ओळी द्या. उदाहरणार्थ: ‘आयटीआयच्या १२० विद्यार्थ्यांमधील झोप आणि चिंता. जीएडी-७ व झोपेची प्रश्नावली स्वतः भरून घेतली. जामोवीत सहसंबंध व प्रतिगमन.’ भाषा नेमक्या लिहा. अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, गोंडी, कोरकू यांपैकी काही येत असेल तर ते पहिल्या पानावर, कारण त्या भागातल्या प्रकल्पाला इंग्रजी बोलणारे भरपूर मिळतात, तुमच्यासारखे मिळत नाहीत. दुचाकीचा परवाना असेल तर तोही लिहा. इंग्रजी वाचता-लिहिता येणं लागतंच, पण मुलाखतीत अडखळलात म्हणून सहसा कुणी नाकारत नाही. गावात बोललेलं मराठी जसंच्या तसं उतरवून त्याचं इंग्रजी करायचं काम असतं. एक तासाच्या ध्वनिमुद्रणाला नुसतं उतरवायलाच पाच-सहा तास सहज जातात, ते चिकाटीने करणारा माणूस त्यांना हवा असतो.

मुलाखतीत काय करून दाखवायला सांगतात

बऱ्याच ठिकाणी प्रश्नोत्तरांपेक्षा छोटी कामं देतात. एक नेहमीचं: माहितीची फाइल देऊन ‘यातल्या चुका शोधा’. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, म्हणजे बेरीज ० ते २७. फाइलमध्ये कुणाची बेरीज ११३ दिसते. कारण असं की उत्तर न दिलेल्या प्रश्नाला ९९ हा संकेतांक घातलेला आहे आणि सूत्राने तोही मिळवला. उमेदवार ती ओळ खोडून मोकळा होतो, तिथे गुण जातात. ओळ खोडायची नाही. ९९ ला ‘उत्तर नाही’ म्हणून घोषित करायचं, मूळ कागदी अर्ज काढून पडताळायचं आणि काय बदललं ते तारखेसह नोंदवायचं. मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करायचं, हेही बोलून दाखवा.

दुसरं काम संमती घेण्याचं. समोरची बाई लिहू-वाचू शकत नाही, सासू शेजारी बसली आहे, तुम्ही संमतीपत्र घेऊन दारात. माहितीपत्रक पूर्ण वाचून दाखवायचं, नंतर ‘तुम्हाला काय समजलं ते सांगा’ असं विचारायचं, अंगठा घ्यायचा आणि साक्षीदाराची सही. साक्षीदार प्रकल्पाशी संबंध नसलेला हवा. बरोबरच्या सहकाऱ्याची सही चालत नाही. सासूला बाहेर जा म्हणायचं नाही. ‘प्रश्न एकटीलाच विचारायचे असा आमचा नियम आहे, अंगणवाडीत बसू का?’ असं म्हटलं की बहुतेक वेळा जमतं. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी यायचं, प्रश्न तसेच विचारून टाकायचे नाहीत.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. समोरचा शेतकरी ‘बऱ्याच दिवशी’ म्हणतो. पुढे काय? इथे उमेदवार दोन टोकांना जातात. काही जण खूण करून पुढच्या पानावर वळतात, काही अर्धा तास उपदेश करतात. दोन्ही चूक. अर्ज बाजूला ठेवायचा आणि सरळ विचारायचं: असा विचार शेवटचा कधी आला, कसं करायचं तेही मनात आलं का, घरात औषध आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का. विचारल्याने विचार पेरला जातो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. गावात ‘औषध’ म्हणजे कीटकनाशक, आणि ते कुठे ठेवलं आहे, दुसऱ्याच्या ताब्यात देता येईल का, हा प्रश्न जीव वाचवणारा आहे. धोका तातडीचा वाटला तर माणसाला एकटं सोडायचं नाही, तिथूनच पर्यवेक्षकाला फोन लावायचा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. जिवाला धोका असेल तर गोपनीयता मोडावी लागते हे संमतीपत्रातच लिहिलेलं असतं. १४४१६ क्रमांक देऊन, जवळच्या सरकारी रुग्णालयाची वेळ ठरवून, सगळं वेळेसह लिहायचं. उरलेले प्रश्न त्यांची इच्छा असेल तर, नाही तर राहू द्यायचे.

मुलाखतीत तुम्हीही विचारा: असं झालं तर फोन कुणाला करायचा, आणि तो माणूस रविवारी उचलतो का? संस्थेकडे याचं लेखी उत्तर नसेल तर तिथलं काम तुम्हालाही जड जाईल. दिवसाला सहा जणांची दुःखं ऐकून आलेल्या कार्यकर्त्यासाठी आठवड्याची पर्यवेक्षण बैठक नसेल, तर माणसं सहा महिन्यांत सोडून जातात.

करार, नेट-सेट आणि निघताना

करारावर सही करण्याआधी मुदत, निधी संपला तर किती दिवसांची सूचना, प्रवासखर्च आगाऊ की नंतर, अपघात विमा एवढं बघा. लेखकत्वाचा विषयही पहिल्या महिन्यातच काढा. नुसती माहिती गोळा केली तर शोधनिबंधावर नाव येत नाही, आभारात येतं. विश्लेषणाचा किंवा लेखनाचा एखादा भाग मागून घ्या, म्हणजे हक्क तयार होतो.

प्रकल्प चालू असतानाच नेट, म्हणजे प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, देऊन टाकावी. वर्षातून दोनदा असते, पहिला पेपर १०० गुणांचा, दुसरा २०० चा, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. शिवाय आता पीएच.डी. प्रवेशातही नेटचे गुण धरतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट ही राज्य पात्रता परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ती प्राध्यापकीपुरती, शिष्यवृत्ती देत नाही.

प्रकल्प संपायला दोन महिने असतानाच अनुभवाचा दाखला मागा, वर सांगितलेल्या सगळ्या तपशिलांसह. मुख्य संशोधक निधीबरोबर दुसरीकडे गेले की सही मिळवायला फेऱ्या पडतात. नेमणूकपत्र, पगारातून कापलेल्या कराचा दाखला, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, ज्या निबंधात नाव येणार आहे त्याच्या मसुद्याची ई-मेल, हे सगळं आपल्या खासगी ई-मेलवर घ्या. सहभागी लोकांची माहिती मात्र पेन ड्राइव्हवर, फोनमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर काहीही राहू देऊ नका, सरावासाठीसुद्धा नाही. पुढच्या मुलाखतीत ‘माझ्याकडे जुन्या प्रकल्पाचा डेटा आहे, दाखवू का?’ असं म्हणणाऱ्याला त्याच क्षणी नाकारतात.